व्हॅनच्या कंप्युटरला अर्थ नाही

आमच्या व्हॅनचं इंजिन बदलायचं ठरलं तेव्हा सबंध गल्लीत सर्वांत जास्त उत्साह मला होता, हे मी आजही नाकारत नाही. काही लोकांच्या अंगात येतं ते थोड्या वेळानं उतरतं. माझ्या अंगात इंजिन आलं होतं आणि ते उतरायचं नाव घेत नव्हतं. मी अंबाजोगाईच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. समास, अलंकार, वृत्त यांत आयुष्य गेलेल्या माणसाला पिस्टन हा शब्द नुसता उच्चारतानासुद्धा अंगावर काटा येतो.

व्हॅन खरं तर माझी नव्हे, माझ्या बायकोची. राजश्रीची बायकांची गायन पार्टी आहे. ‘सुजाता महिला गायन पार्टी’. जयंतीच्या महिन्यात गावोगावी भीमगीतांचे कार्यक्रम होतात आणि त्या दिवसांत जिल्ह्यात एक वाहन मोकळं सापडेल तर शपथ. गेल्या वर्षी ऐन कार्यक्रमाच्या दिवशी यांची ठरवलेली जीप एका लग्नाच्या वऱ्हाडानं पळवली. पेटी, ढोलकी आणि सगळ्या बायका भर उन्हात रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या आणि तिकडे स्टेजवर भलतीच पार्टी गाऊन गेली. राजश्री दुसऱ्या दिवसापासून ड्रायव्हिंग स्कूलला जायला लागली. मग एका शाळेनं काढून टाकलेली जुनी व्हॅन तिनं दारात आणून लावली. तिच्या मागच्या काचेवर ‘सावकाश, आत मुले आहेत’ असं लिहिलेलं होतं. मी ते पुसायला निघालो, तर दगडाबाईंनी पुसू दिलं नाही. दगडाबाई या पार्टीच्या ढोलकीवादक, वयानं सगळ्यांत मोठ्या. त्या म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या सर, खोटं काय हाय त्यात?”

यंदा तलवाड्याहून बोलावणं आलं. आजवर यांना कुठल्या ना कुठल्या मोठ्या पार्टीच्या शेपटाला बांधून बोलावलं जायचं. या वेळी पत्रकावर यांचं नाव सर्वांत वर होतं. फक्त तिथले संयोजक वेळेचे फार कडक. पाच वाजता स्टेजवर नसाल तर दुसरी पार्टी चढवणार, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. आणि नेमकी त्याच आठवड्यात व्हॅन धूर ओकायला लागली.

अबरारभाईंनी बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि परत लावलं. अबरारभाईंचं गॅरेज बसस्टँडच्या मागे आहे. तिथे लिंबाच्या सावलीत त्यांच्या आईची, हजराबींची, खाट असते आणि गॅरेजात येणाऱ्या प्रत्येक गाडीचं निदान आधी त्या खाटेवरून होतं. हजराबींनी धूर बघूनच मान हलवली होती. जुन्या पद्धतीचं इंजिन आता शोधूनही मिळणार नाही, असं अबरारभाई म्हणाले. पण परळी रोडच्या भंगारवाल्याकडे मागून ठोकलेली एक गाडी आली होती आणि तिचं इंजिन शाबूत होतं. मग त्यांनी आवाज खाली आणला, “पण सर, त्याला कंप्युटर हाय.”

हा शब्द ऐकून मी तिथंच हो म्हणून टाकलं. आमच्या व्हॅनला कंप्युटर! अबरारभाई प्रामाणिक माणूस. त्यांनी सांगितलं, की आजवर त्यांनी असली इंजिनं उतरवली आहेत, पण जुन्या गाडीत बसवलं एकही नाही. इंजिन बसवणं सोपं, त्याच्या कंप्युटरची वायरिंग जोडणं हा खरा खेळ. पण त्यांचेही डोळे चमकत होते. दोन माणसांना एकाच गोष्टीचं याड लागलं की तिसऱ्यानं मधे पडू नये, म्हणून राजश्री गप्प राहिली.

“एक ध्यानात ठेवा सर,” अबरारभाई म्हणाले, “कंप्युटरचं इंजिन म्हंजी अर्थावर चालतंय. अर्थ पक्का लागला पायजे. अर्थ ढिला पडला की समदा खेळ खलास.”

मी भारावून गेलो. हीच गोष्ट मी बारावीच्या पोरांना इतकी वर्षं घसा फोडून सांगत आलो होतो आणि एकाच्याही डोक्यात ती शिरली नव्हती. इथे ग्रीसनं माखलेला एक मनुष्य कवितेचं मर्म एका वाक्यात सांगून मोकळा झाला. मी त्यांचा हात हातात घेतला. त्यांना वाटलं, मला पाना हवाय. त्यांनी पाना दिला.

इंजिन बदलायचं तर परिवहन कार्यालयाची परवानगी लागते, हे मला बंकटरावांनी सांगितलं. बंकटराव आमचे शेजारी. हयातभर एसटीत कंडक्टर होते. इंजिनापासून जास्तीत जास्त लांब बसायची नोकरी केल्यामुळे त्यांना इंजिनातलं सगळं कळतं. मी अर्ज शुद्ध मराठीत लिहिला. ‘सदर वाहनाच्या जीर्ण हृदयाचे प्रत्यारोपण करावयाचे असून’ अशी सुरुवात केली. खिडकीतल्या बाईंनी तो दोनदा वाचला, माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं आणि म्हणाल्या, “काका, हे मेडिकल कॉलेजला द्यावं लागतंय. रिक्षावाल्याला सांगा, तो बराबर सोडंल.” मी इंजिन हा शब्द उच्चारल्यावर त्यांनी मला साधा छापील अर्ज दिला. त्यात सगळं तीन शब्दांत मावलं, याचं मला वाईट वाटलं.

मग कळलं, की इंजिनाचा नंबर तपासायला गाडी कार्यालयात आणावी लागते. आमच्या गाडीत नवं इंजिन बसलं होतं, पण ते जागच्या जागी बसलेलं होतं, चालत नव्हतं. शेवटी गल्लीतल्या सिदूच्या ट्रॅक्टरला दोर बांधून व्हॅन ओढत न्यायचं ठरलं. व्हॅनचं स्टेअरिंग राजश्रीनं धरलं आणि मी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसलो. वरात आमच्या कॉलेजच्या फाटकावरून गेली ती नेमकी मधल्या सुट्टीत. आदल्याच तासाला मी वीररसाची उदाहरणं दिली होती. पोरांनी हात हलवले, मीही हलवला. काय करणार? परिवहन कार्यालयातल्या साहेबांनी वाकून टॉर्चनं नंबर पाहिला, कागदाशी ताडून पाहिला आणि सही केली. इंजिन चालतं का, हे त्यांना विचारायचं कारणच नव्हतं. त्या संध्याकाळी कागदोपत्री आमची व्हॅन महाराष्ट्रभर फिरायला मोकळी झाली आणि प्रत्यक्षात सिदूच्या दोरीला बांधून परत गॅरेजात आली.

आता राहिली वायरिंग. कंप्युटर म्हणजे मला आपला टीव्हीसारखा पडदा असेल असं वाटलं होतं. तो निघाला जेवणाच्या डब्याएवढा पत्र्याचा खोका. त्याच्यातून शेवयांसारख्या वायरी बाहेर आलेल्या, प्रत्येकीचा रंग वेगळा. कुठली वायर कुठे जाते याचा नकाशा अबरारभाईंच्या लातूरच्या एका दोस्तानं फोनवर पाठवला. तो फोटोचा काढलेला फोटो होता आणि त्यावर सगळं इंग्रजीत. अबरारभाई म्हणाले, “सर, तुमी वाचून सांगा, जोडायचं माझ्याकडं.” इतक्या सन्मानानं मला आजवर कुणी काही वाचायला सांगितलेलं नाही. कॉलेजात सांगतात ती हजेरी.

मी हजराबींच्या खाटेवर मांडी घालून बसलो. अबरारभाई व्हॅनच्या डॅशबोर्डखाली आडवे झाले, त्यांचे फक्त पाय बाहेर दिसत होते. मी ठरवलं होतं, की मराठीच्या प्राध्यापकानं भर चौकात इंग्रजी वाचून दाखवणं शोभत नाही. प्रत्येक शब्दाचं मराठी करून सांगायचं. मी सुरुवात केली, निळी वायर तापमान-संवेदकाची, पिवळी इंधन-अंतःक्षेपकाची. मग पायांनी विचारलं, “सर, मराठीत सांगा की.”

“मराठीतच सांगतोय.”

हजराबींनी मला पाणी दिलं. त्यानंतर आम्ही संवेदकाला सेन्सर म्हणायचं असं ठरवलं आणि काम झरझर चाललं. मला तर एखादा अवघड अन्वय लावतोय असंच वाटत होतं. हिरवी इकडे, लाल तिकडे, गुलाबी पंपाला. दुपार कधी सरली ते कळलं नाही. आणि मग काळ्या वायरी आल्या.

प्रत्येक काळ्या वायरीपुढे तीनच अक्षरं होती. जी, एन, डी. मी फोटो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला. मधे एकही स्वर नव्हता. स्वराशिवाय शब्द होत नाही, हा सगळ्या भाषांचा नियम आहे आणि या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. ही छपाईची चूक असणार हे उघड होतं.

“काळीपुढं काय लिव्हलंय सर?” आतून आवाज आला.

“याला अर्थ नाही.”

आतली खुडबुड थांबली. “पक्कं?”

“अगदी पक्कं. अजिबात अर्थ नाही.”

“आन् दुसऱ्या काळीला?”

“तिलाही नाही. एकाही काळ्या वायरीला अर्थ नाही, अबरारभाई. तुम्ही लक्षच देऊ नका.”

अबरारभाई आत स्वतःशीच काहीतरी बोलले. खोका पत्र्याचाच आहे, तो बॉडीतूनच घेत असेल, असं काहीसं मला ऐकू आलं. मला वाटलं, तो वायरींचा प्रश्न, आपला नव्हे. मग टेप फाडल्याचा आवाज आला आणि सगळ्या काळ्या वायरींची तोंडं बंद झाली.

संध्याकाळी अर्धी गल्ली जमली. राजश्रीनं किल्ली फिरवली. हॉर्न वाजला. तिनं हॉर्न दाबला, तर वायपर फिरले. वायपरचं बटण दाबून पाहिलं, तेव्हा काहीच झालं नाही आणि त्यातल्या त्यात तेच आम्हाला बरं वाटलं. इंजिनानं मात्र हूं की चूं केलं नाही.

पुढचे दिवस सल्ल्यांचे गेले. अबरारभाईंनी वाकड्या गेलेल्या वायरी शोधून बऱ्याच सरळ केल्या. वायपर शहाणे झाले. हॉर्न तेवढा किल्लीवरून उठून ब्रेकवर जाऊन बसला आणि तिथून हलेना. इंजिन गपच. हजराबी म्हणाल्या, ठोकलेल्या गाडीचं काळीज घाबरलेलं असतं, त्याला जरा दम खाऊ द्या. दगडाबाईंनी बॉनेटवर बोटांनी ठेका धरून पाहिला आणि आवाज ढिला येतोय असं सांगितलं. बंकटराव म्हणाले, कंप्युटर आहे म्हणजे नक्कीच फॉरमॅट मारायला पाहिजे, त्यांच्या पुतण्याच्याला मारला होता. मला ते पटलं. मी कंप्युटर क्लास चालवणाऱ्या एका तरुणाला फोन लावला. त्यानं विचारलं, विंडोज कोणत्या आहेत? मी म्हणालो, पुढच्या दोन खालीवर होतात, मागच्या सरकत्या आहेत. त्यानं फोन ठेवला. आजकालच्या पोरांना बोलायची रीत राहिलेली नाही.

आणि तलवाड्याचा दिवस उजाडला. सकाळीच पार्टी गॅरेजात हजर झाली. सगळ्यांच्या पांढऱ्या साड्या, निळे काठ, केसांत फुलं. दगडाबाईंनी ढोलकी नव्या कापडात गुंडाळून पोटाशी धरली होती. अबरारभाई पुन्हा डॅशबोर्डखाली आणि बाहेर त्यांचे पाय. राजश्रीनं किल्ली फिरवली. नुसतं सेल्फ गर्र करून फिरलं आणि थांबलं. तिनं पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. सकाळपासून तिनं दुसऱ्या गाडीसाठी ओळखीपाळखीच्या सगळ्यांना विचारून झालं होतं. महिना जयंतीचा, त्यात लग्नाची तीथ. साधा टेम्पोसुद्धा मिळाला नाही.

ती खाली उतरली. पेटीच्या खोक्याजवळ उभी राहून तिनं फोन काढला आणि तलवाड्याचा नंबर शोधायला लागली. नाही म्हणून कळवायचं होतं, आणि ते तिलाच कळवायचं होतं. तिनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर मला बरं वाटलं असतं. मला फार अपराधी वाटायला लागलं. आणि अशा वेळी मनुष्य जे करतो तेच मी केलं. अबरारभाईंवर घसरलो.

“अबरारभाई, तुम्हीच म्हणाला होता, अर्थ लागला की इंजिन चालतं.”

पाय आत गेले आणि डोकं बाहेर आलं. “मग लावू दिला का तुमी अर्थ? तुमीच म्हणलाव न्हवं, एकीला बी अर्थ न्हाई?”

“नाहीच आहे. जी, एन, डी याला काय अर्थ असणार?”

“मग मी कुठून आणू अर्थ? मला बी तवाच वाटलंतं, अर्थाबिगर खोका चालतोय कसा. पण तुमी पडले शिकलेले.”

“अर्थ शोधायचा तुम्ही. मेकॅनिक तुम्ही आहात.”

“वाचणारे तुमी हाव.”

“मी वाचलं. त्यात अर्थ नव्हता.”

“आन् मी जोडलं, अर्थ सोडून.”

राजश्रीनं कानाला लावलेला फोन खाली घेतला. “थांबा जरा दोघंबी,” ती म्हणाली. “अहो, तुम्ही कुठल्या अर्थाचं बोलताय?”

“शब्दाच्या,” मी म्हणालो. “अर्थ आणखी कसला असतो?”

“आन् अबरारभाई, तुमी?”

“अर्थिंगचं, भाबी. अर्थची वायर. बॉडीला लावतेत ती.”

राजश्री पेटीच्या खोक्यावर बसली आणि डोळ्याला पदर लावून हसायला लागली. मला आधी वाटलं रडतेय. बायकांना काही कळेना. मग ती म्हणाली, की स्पीकरवाला प्रत्येक गावात हेच सांगतो, अर्थ लागला नाही म्हणून माईक घोंघावतोय. ते ऐकताना तिला कधी व्याकरण आठवलं नव्हतं. जी, एन, डी म्हणजे ग्राउंड. इंग्रजांनी मधले स्वर खाऊन टाकले होते. ग्राउंड म्हणजे जमीन, जमीन म्हणजे अर्थ, आणि मी आमच्या व्हॅनच्या पायाखालची जमीनच काढून घेतली होती.

अबरारभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. चूक अर्धी अर्धी होती, त्यामुळे कुणालाच कुणावर रागावता येईना. ते एका दमात आत शिरले. मी आयुष्यात पहिल्यांदा सॅंडपेपर हातात घेतला आणि बॉडीचा पत्रा चकाकेपर्यंत घासला. त्यांनी सगळ्या काळ्या वायरींच्या तोंडावरचे टेप सोलले, त्या एकत्र पिळल्या आणि बोल्टखाली आवळल्या. हजराबी खाटेवरून उठून उभ्या राहिल्या. किल्ली फिरवायच्या आधीच खोक्यात बारीक टक झालं आणि डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. तो दिवा आम्ही आजपर्यंत पाहिलाच नव्हता. अबरारभाई म्हणाले, “शुद्धीवर आलं.”

राजश्रीनं किल्ली फिरवली आणि इंजिन चालू झालं. धूर नाही, खडखड नाही, नुसता एक गोड गुरगुराट. माझ्या तोंडून आरोळी निघाली. अबरारभाईंनी मला मिठी मारली आणि माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर त्यांचे दोन्ही पंजे उमटले. बंकटराव म्हणाले, फॉरमॅट मारलाच शेवटी.

निघताना अबरारभाईंनी खिडकीत तोंड घालून बजावलं. स्लो अजून पकडत नव्हता, म्हणजे ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन बंद पडणार होतं. सेल्फ जुनंच, एकदा गरम झालं की उचलणार नव्हतं. बॅटरी तर नावालाच. तेव्हा गाडी तलवाड्याला पोचेपर्यंत बंद करायची नाही, पोचल्यावरही नाही, थेट घरी येऊनच करायची. आम्ही होकार दिला. त्या क्षणी त्यांनी गाडी उलटी चालवायला सांगितली असती तरी दिला असता.

असा प्रवास मी पुन्हा करणार नाही आणि तो विसरणारही नाही. राजश्री स्टेअरिंगवर, शेजारी दगडाबाई, मागे बाकीच्या बायका आणि त्यांच्या मधे पेटी मांडीवर घेऊन मी. हॉर्न अजून ब्रेकवरच होता. त्यामुळे प्रत्येक गतिरोधकावर व्हॅन आपोआप ओरडायची. केजच्या बाजारात दोन हातगाडेवाल्यांनी आम्हाला बाजूला होऊन वाट दिली. बीडच्या पुढे एका म्हशीनंही दिली. बायकांनी मांजरसुंब्याच्या घाटातच गाणी सुरू केली होती आणि मी भर एप्रिलच्या उन्हात, गळ्यात धूळ जाऊ नये म्हणून बंद केलेल्या काचांत, घामानं निथळत टाळ्यांचा ठेका धरत होतो. पाच वाजायच्या आत आम्ही तलवाड्यात होतो. दुसरी पार्टी तबला ठोकत बसलीच होती. संयोजकांनी घड्याळ पाहिलं आणि हात जोडले.

राजश्रीनं व्हॅन स्टेजच्या अगदी मागे लावली, गिअर काढला, हँडब्रेक ओढला आणि माझा पाय ॲक्सिलरेटरवर ठेवून स्वतःचा काढून घेतला. “एवढाच दाबून धरा,” ती म्हणाली, “दुसऱ्या कशाला हात लावू नका.” तिची धास्ती खरी होती. मला गाडी चालवता येत नाही. मी सायकलवालाच मनुष्य. तेव्हा स्टेजच्या मागच्या कनातीकडे तोंड करून मी पाय दाबून बसलो. समोर काही दिसत नव्हतं. एक कार्यकर्ता आला, माझा सदरा पाहून म्हणाला, “ड्रायव्हर, चा घ्या.” मी मराठीचा प्राध्यापक आहे हे त्याला सांगावं म्हणून तोंड उघडलं, पण चहा चांगला होता.

दोन गाणी झाली आणि लाइट गेली. स्पीकर एकदम मुके झाले. मैदानात कुजबूज सुरू झाली, पोरं उठायला लागली. कनातीआडून मला ऐकू येत होतं, संयोजक म्हणत होते, लाइटीचा भरवसा नाही, आता आवरतं घ्यावं लागेल. एवढी सगळी यातायात दोन गाण्यांसाठी? तेवढ्यात दगडाबाई कनात वर करून आत आल्या आणि त्यांच्यामागे वायरींचं भेंडोळं घेतलेला स्पीकरवाला. त्याचा अँप्लिफायर गाडीच्या बॅटरीवर चालत होता, फक्त गाडी चालू पाहिजे होती. सगळ्या मैदानात चालू गाडी एकच होती. त्यानं चिमटे लावले आणि मला म्हणाला, “पाय काढायचा न्हाई हां ड्रायव्हर.”

राजश्रीनं तिचं स्वतःचं गाणं धरलं. आई आणि लेकीचं. ‘आईनं दिला अंगठा, लेकीनं केली सही’. हे गाणं घरात मी कुकरच्या शिट्ट्यांमधून तुकड्यातुकड्यांनी ऐकलं होतं, सबंध कधीच नाही. बॅटरीत जीव नव्हता. मी पाय सैल सोडला की तिचा आवाज घोगरा व्हायचा, दाबला की खुलायचा. कुठे ती वर जाणार ते मला हळूहळू कळायला लागलं आणि तिच्या आधी अंमळ मी पाय दाबायला लागलो. पायाला मुंग्या आल्या. शेवटच्या कडव्याला मैदानातल्या पुढच्या बायका तिच्याबरोबर गायला लागल्या. कनातीकडे बघत मी एकटाच बसलो होतो आणि मला तिचा इतका अभिमान वाटला, की माझे डोळे भरून आले.

गाणं संपल्यावर संयोजकांनी माईक घेतला. पार्टीचं कौतुक केलं, सगळ्या बायकांची नावं घेतली. मग म्हणाले, लाइट नसताना ज्यांनी गाडी चालू ठेवली, त्या पार्टीच्या ड्रायव्हरचेही आम्ही आभार मानतो. दोनचार जणांनी कनात बाजूला सारली आणि सगळं मैदान माझ्याकडे पाहायला लागलं. मी सदऱ्यावरचे पंजे झाकायचा प्रयत्न केला.

राजश्रीनं माईक मागून घेतला. “ते माझे मिस्टर हायेत,” ती म्हणाली. “त्यांना गाडी येत न्हाई. अंबाजोगाईपासून हितवर गाडी मी आणली. ड्रायव्हर मी हाय.”

मग बायकांच्या बाजूनं एक टाळी आली, पाठोपाठ सगळीकडून यायला लागल्या. मला बसवेना. टाळ्या वाजवायला मी सीटवरून उठलो, पाय सुटला, इंजिन बंद पडलं आणि माईकही गेला. कुणाच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही. टाळ्यांना माईक लागत नव्हता.